टोचलेल्या पेशी जातात कुठे?

पायाच्या धमन्या आतून अरुंद होत गेल्या की आधी चालणे आखडते. शे-दोनशे पावलांवर पोटरीत पेटका येतो, थांबले की ओसरतो. आजार वाढला की अंथरुणातही पाऊल ठणकू लागते आणि रुग्ण रात्री पाय खाटेखाली सोडून बसतो, कारण तेवढ्या उताराने थोडे तरी रक्त पावलापर्यंत पोचते. पुढे न भरणारी जखम, काळी पडणारी बोटे आणि अखेर पाय कापण्याचा निर्णय. घोट्याजवळचा रक्तदाब दंडातल्या रक्तदाबाच्या ०.९ पटीहून कमी भरला की धमन्यांचा आजार आहे असे धरतात. जगात २० कोटींहून अधिक लोकांना तो आहे. बहुतेकांच्या धमन्यांत मेदाचे थर साचलेले असतात. मधुमेह आणि तंबाखू ही त्यामागची मोठी कारणे. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत मात्र मेदाशिवाय, धमनीच्या दाहातूनच ती बंद पडते. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तो बर्जरचा आजार. भारतात तो पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळतो.

बंद धमनी अँजिओप्लास्टीने मोकळी करता येते किंवा बायपासने रक्ताला वळणरस्ता काढून देता येतो. पण घोट्याखालच्या बारीक धमन्याच बुजल्या असतील तर बायपासचे दुसरे टोक शिवायला जागा उरत नाही. अशा रुग्णांसाठी मूलपेशींचा विचार पुढे आला. १९९७ मध्ये ताकायुकी असाहारा आणि जेफ्री आयझनर यांच्या गटाने रक्तात फिरणाऱ्या काही पेशी रक्तवाहिनीचे अस्तर बनू शकतात असे मांडले. २००२ मध्ये जपानी डॉक्टरांनी तो विचार रुग्णांच्या पायांवर आजमावला. त्यांच्या चाचणीच्या मुख्य भागात दोन्ही पाय आजारी असलेले २२ रुग्ण होते. प्रत्येकाच्या एका पोटरीत त्याच्याच अस्थिमज्जेतील पेशी टोचल्या, दुसरीत रक्तातून वेगळ्या काढलेल्या पेशी. मज्जेच्या पेशी मिळालेला पाय सरस ठरला. त्यानंतर अनेक देशांत अशा चाचण्या झाल्या. त्यांत मोजले गेले ते बहुधा पाऊलच: वेदना, जखमेचा आकार, त्वचेतला प्राणवायू, पाय वाचला की गेला. पेशींचे पुढे काय झाले हे फार थोड्यांनी पाहिले.

ते पाहायलाच हवे का, यावर दोन प्रामाणिक मते आहेत. पुढील संवादात एक मत रक्तवाहिन्यांच्या सर्जनच्या तोंडी आहे आणि दुसरे रेडिऑलॉजिस्टच्या.

सर्जन: माझ्यासमोर बसलेल्या माणसाला पेशीचा पत्ता नको असतो, पाऊल हवं असतं. जखम भरली का, रात्री झोप लागली का, वर्षभराने तो आपल्या पायांनी चालत आला का, एवढं मोजलं की उपचाराची किंमत कळते. ॲस्पिरिन नेमकं काय करतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. त्याआधी सत्तर वर्षं लोक ते घेतच होते ना?

रेडिऑलॉजिस्ट: ॲस्पिरिनचा गुण येत होता, म्हणून न समजताही चाललं. इथे गुण येतो की नाही हेच पक्कं नाही. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टची चाचणी तुम्हालाही ठाऊक आहे.

या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत १६० रुग्ण होते. तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीनदा त्यांच्या मांडीच्या धमनीत एकतर स्वतःच्याच मज्जेतील पेशी सोडल्या गेल्या किंवा दिसायला तसाच पण मज्जेच्या पेशी नसलेला द्राव. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला किंवा तपासणाऱ्या डॉक्टरांना माहीत नव्हते. सहा महिन्यांत मोठे ॲम्प्युटेशन करावे लागले ते पेशी मिळालेल्यांपैकी १९ टक्के जणांत आणि नुसता द्राव मिळालेल्यांपैकी १३ टक्के जणांत. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता, पण पेशींच्या बाजूने काहीच झुकले नाही. वेदना आणि जीवनमान दोन्ही गटांत सारखेच सुधारले. नुसत्या द्रावानेही माणसाला बरे वाटते, निदान बरे वाटल्यासारखे होते, ही गोष्ट द्रावाचा गट न ठेवणाऱ्या प्रत्येक चाचणीचा निकाल वाचताना आठवावी लागते.

सर्जन: मग उत्तर मिळालंच की. उपचार चालत नाही.

रेडिऑलॉजिस्ट: कुठला उपचार? पेशी पोटरीत पोचल्या आणि निष्फळ ठरल्या, की पोचल्याच नाहीत? पोचून दुसऱ्या दिवशी मेल्या, की मधुमेही माणसाच्या थकलेल्या मज्जेतून निघाल्या म्हणून आधीच दुबळ्या होत्या? या प्रत्येकाचं औषध वेगळं. पत्राला उत्तर आलं नाही म्हणून समोरचा रुसला असं आपण धरलं. पत्र टपालातच हरवलं असेल हे पाहिलंच नाही.

पेशींचा माग काढणे म्हणजे एकच काम नव्हे. पेशी हव्या त्या जागी पोचल्या का, तिथे जिवंत राहिल्या का आणि त्यांनी काही काम केले का, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. एकासाठी चालणारे साधन दुसऱ्यासाठी बहुधा चालत नाही. या क्षेत्रातले बरेच गोंधळ पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवल्याने झाले आहेत.

काम किती नाजूक आहे हे एका हिशेबाने कळते. वजनाच्या दर किलोमागे २० लाख पेशी दिल्या तर ६० किलोच्या माणसाला १२ कोटी पेशी मिळतात. आकडा मोठा वाटतो. पण एका पेशीचा व्यास २० मायक्रोमीटर धरला तर या सगळ्या पेशी मिळून अर्धा मिलिलिटरही जेमतेम भरतात, म्हणजे चहाच्या चमच्याचा दहावा हिस्सा. तेवढा ऐवज पोटरीच्या स्नायूत डझनावारी ठिकाणी विखुरलेला असतो. त्या आजूबाजूच्या पेशींसारख्याच पाणी, प्रथिने आणि मेदाच्या बनलेल्या असतात. कोणत्याही स्कॅनमध्ये त्या आपणहून वेगळ्या दिसत नाहीत. त्यांना काहीतरी खूण लावावीच लागते.

सर्वांत जुनी खूण किरणोत्सारी. शरीरात दडलेला पू शोधण्यासाठी रुग्णाच्या पांढऱ्या पेशी काढून, त्यांना इंडियम-१११ लावून परत सोडण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून रुळलेली आहे. मूलपेशींनाही तीच युक्ती लागू पडते. किरणांना शरीरातून बाहेर यायला अडथळा नसतो, पार्श्वभूमी कोरी असते आणि टोचलेल्यापैकी किती टक्के कुठे गेले याचा थेट आकडा हाती येतो.

रेडिऑलॉजिस्ट: जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णांना त्यांच्याच मज्जेच्या पेशी दिल्या, तेव्हा त्यांतल्या काही पेशींना पेट स्कॅनसाठी वापरतात ती खूण लावली होती. हे २००५ चं काम. हृदयाच्या धमनीत सोडलेल्या साध्या मज्जापेशींपैकी तासाभराने दुखावलेल्या स्नायूत किती सापडल्या? १.३ ते २.६ टक्के. बाकीच्या बहुतांश यकृत आणि प्लीहेत. निवडून वेगळ्या काढलेल्या पेशी दिल्या तेव्हा तो आकडा १४ ते ३९ टक्क्यांवर गेला. आणि हाताच्या शिरेतून दिल्या तेव्हा हृदयात जवळजवळ काहीच नाही. त्या एका स्कॅनने वाट आणि पेशीची जात, दोन्हींबद्दल जे शिकवलं ते वर्षभर रुग्णांची प्रकृती मोजून कळलं नसतं.

सर्जन: ते हृदय होतं. मी पोटरीच्या स्नायूत टोचतो, वाहत्या रक्तात नाही. तिथून यकृतापर्यंत जायची पेशींना घाई नसते.

रेडिऑलॉजिस्ट: सुई तरी योग्य जागी जाते हे कशावरून? त्याच २००५ साली नेदरलँड्समध्येच नायमेखनच्या गटाने कर्करोगाच्या आठ रुग्णांना लसीच्या पेशी लसीकाग्रंथीत टोचल्या. अल्ट्रासाउंड बघत, अनुभवी हातांनी. पेशींत लोहकण होते म्हणून एमआरआयवर त्या दिसल्या. आठपैकी चारच जणांत त्या ग्रंथीत नीट पडल्या होत्या. बाकीच्यांत आजूबाजूच्या चरबीत. खूण नसती तर त्या चौघांना "लस लागू पडली नाही" असा शेरा मिळाला असता.

सर्जन: हे मान्य, आणि हे मला खरंच अस्वस्थ करतं. पण लसीकाग्रंथी वालाच्या दाण्याएवढी असते, पोटरी तशी नाही. आणि तुमच्या खुणेचं आयुष्य किती?

सर्जनचा हा प्रश्न रास्त आहे. पेट स्कॅनसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे, टेक्निशियम-९९एम चे सहा तास, इंडियम-१११ चे २.८ दिवस, झिर्कोनियम-८९ चे सुमारे ३.३ दिवस. म्हणजे इंडियमची खूणही दोन आठवड्यांत बत्तिसाव्या हिश्श्यावर येते. नव्या रक्तवाहिन्या फुटायला मात्र आठवडे आणि महिने लागतात. शिवाय पेशी मेली तरी तिच्यातला इंडियम तिच्याबरोबर संपत नाही; तो ऊतीत साचतो किंवा वाहून जातो आणि स्कॅनवर चमकतच राहतो. किरणांचा मारा पेशीवर आतूनच होत असल्याने मात्रा वाढवली तर ज्या पेशीला पाहायचे तिलाच इजा होते. ही खूण पहिल्या दोन-चार दिवसांची साक्षीदार. त्यानंतर तिच्याकडे काही मागू नये.

लोहकणांची खूण टिकाऊ असते, म्हणूनच तिने सर्वांत जास्त आशा लावली आणि सर्वांत जास्त फसवलेही. काही नॅनोमीटरच्या लोह-ऑक्साइडच्या कणांवर साखरेसारख्या पदार्थाचे आवरण चढवून ते पेशींसोबत रात्रभर ठेवले की पेशी ते गिळतात. एका पेशीत दहा-वीस पिकोग्रॅम लोह मावते. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग. तेवढे लोहही आजूबाजूचे चुंबकक्षेत्र विस्कटते आणि एमआरआयवर पेशीच्या आकाराहून कितीतरी मोठा काळा डाग पडतो. त्यात किरणे नाहीत, चित्र बारीक आणि तेच मशीन पोटरीतला रक्तपुरवठाही दाखवू शकते.

सर्जन: काळा डाग म्हणजे पेशी, हे तुम्ही गृहीत धरता. माझ्या रुग्णांच्या धमन्यांत चुना साचलेला असतो, तोही काळा दिसतो. सुई टोचल्यावर स्नायूत थोडं रक्त साकळतं, त्यातलं लोहही काळंच. आणि पेशी मेल्यावर तिच्यातले लोहकण कुठे जातात?

रेडिऑलॉजिस्ट: भक्षक पेशी ते गिळतात.

सर्जन: आणि भक्षक पेशी तिथेच बसून राहतात. डाग तसाच. म्हणजे तुम्ही मला प्रेत दाखवून माणूस घरी आहे असं सांगता.

हा आक्षेप कल्पनेतला नाही. २००७ आणि २००८ मध्ये उंदरांच्या हृदयावर झालेल्या दोन वेगवेगळ्या अभ्यासांनी तो सिद्ध केला. टोचलेल्या पेशी संपून गेल्यावरही तीन-चार आठवडे एमआरआयवर काळा डाग जागच्या जागी होता. ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर लोह सापडले ते यजमान प्राण्याच्या भक्षक पेशींत. त्याआधी याच डागांच्या आधारे पेशी महिनाभर टिकल्या असे मांडणारे निबंध प्रसिद्ध झाले होते. त्यांतल्या किती पेशी खरोखर टिकल्या होत्या हे आता कोणी परत जाऊन तपासू शकत नाही. संपूर्ण वादात सर्जनचा हा मुद्दा सर्वांत भक्कम आहे, आणि रेडिऑलॉजिस्टही तो नाकारत नाही.

रेडिऑलॉजिस्ट: लोहाच्या डागावरून जगण्याबद्दल बोलू नये, हे आम्ही किंमत मोजून शिकलो. पण टोचल्याच्या दिवशी पेशी कुठे पडल्या हे तो डाग चोख सांगतो. तेव्हा भक्षक पेशींना वेळच मिळालेला नसतो.

व्यवहारातली अडचण निराळीच. यकृताच्या तपासणीसाठी अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालेले फेरुमॉक्साइड हे लोहकणांचे औषध कंपनीने २००८ च्या सुमारास बंद केले, खप नव्हता. पेशींना खूण लावणाऱ्या संशोधकांच्या हातातली मंजूर बाटलीच नाहीशी झाली. मग नजर गेली फेरुमॉक्सिटॉलकडे. हे औषध २००९ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांतील रक्तक्षयासाठी मंजूर झालेले. पेशी ते सहज गिळत नाहीत. २०१२ मध्ये एका गटाने हेपारिन आणि प्रोटामिन ही दोन नेहमीची औषधे त्यात मिसळली, तिन्हींचे मिळून छोटे गोळे बनले आणि पेशींनी ते घेतले. तिन्ही घटक औषधाच्या दुकानातले, नवे असे काही नाही. या क्षेत्रात अशी काटकसरीची हुशारी अनेकदा भारी यंत्रांहून जास्त उपयोगी ठरली आहे.

लोहाऐवजी फ्लोरिन-१९ वापरले तर पार्श्वभूमीचा गोंधळ मिटतो. शरीरात फ्लोरिन असते ते हाडांत आणि दातांत, घट्ट बांधलेले, एमआरआयला न दिसणारे. जे दिसेल ते खुणेचेच. माणसांत ही पद्धत कर्करोगाच्या लसपेशींसाठी वापरून झाली आहे. तो अहवाल २०१४ चा. पण सिग्नल इतका क्षीण असतो की एका जागी हजारो पेशी गोळा झाल्याशिवाय काही उमटत नाही, आणि विखुरलेल्या १२ कोटी पेशींची अडचण नेमकी तीच. भक्षक पेशींचा प्रश्नही सुटत नाही.

पेशी जिवंत आहे हे खात्रीने सांगायचे तर खूण बाहेरून चिकटवून भागत नाही. ती पेशीलाच बनवायला लावावी लागते. काजव्याला प्रकाश देणारे जनुक पेशीत घातले की जिवंत पेशी, तिच्यात ऊर्जा आहे तोवरच, उजळते. मेली की विझते. प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदरांच्या पायाची धमनी बांधून, त्या पायात अशा पेशी टोचून पाहिले तर बहुतेकांचा उजेड काही आठवड्यांत मावळतो. मात्र तो उजेड माणसाच्या पोटरीतून बाहेर येण्याइतका बळकट नसतो. माणसासाठी विषाणूचे एक विशिष्ट जनुक पेशीत घालून पेट स्कॅनवर ती पाहता येते. २००९ मध्ये मेंदूच्या कर्करोगाच्या एका रुग्णात अशा संरक्षक पेशी प्रथम दिसल्या.

सर्जन: तो रुग्ण मरणाच्या दारात होता. माझा रुग्ण पायाच्या जखमेचा आहे, त्याच्यापुढे पंधरा-वीस वर्षं आहेत. त्याच्या पेशींत परकं जनुक घालायचं, ते गुणसूत्रात कुठे बसेल याची खात्री नाही, त्याच्या प्रथिनावर शरीर चिडून उठलं तर ज्या पेशी वाचवायच्या त्याच मारल्या जातील. नुसत्या चित्रासाठी हा सौदा मी करणार नाही.

रेडिऑलॉजिस्ट: मीही करायला सांगणार नाही. जनुकाची खूण प्राण्यांपुरती. तिथे तिनं जे शिकवलं ते माणसाच्या चाचणीची आखणी करताना वापरायचं.

दोघांचे एकमत झाले अशी ही एक जागा. दुसरी, अधिक रंजक जागा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कामाची. तिथे डारा क्रेचमन आणि जेफ बुल्टे यांच्या गटांनी पेशीच्या आत खूण घालण्याऐवजी पेशींभोवतीच दिसणारे घर बांधले. तपकिरी समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या अल्जिनेटचे, मिलिमीटरहूनही लहान गोळे करायचे, त्यांत पेशी ठेवायच्या आणि बेरियम सल्फेट मिसळायचे. पोटाच्या एक्स-रेआधी रुग्ण पितो ते पांढरे बेरियम तेच. असे गोळे साध्या एक्स-रेवर दिसतात, म्हणजे अँजिओग्राफी ज्या टेबलावर होते तिथेच, टोचता टोचता. आवरणाची छिद्रे इतकी बारीक की प्राणवायू आणि अन्न आत जाते, पेशींनी स्रवलेली प्रथिने बाहेर येतात, पण रुग्णाच्या संरक्षक पेशी आत शिरू शकत नाहीत. त्यामुळे परक्या दात्याच्या पेशीही वापरता येतात. मागच्या पायाची धमनी बंद केलेल्या सशांमध्ये अशा गोळ्यांतून मूलपेशी दिल्यावर पायाचा रक्तपुरवठा सुधारल्याचे या गटाने २०१२ मध्ये नोंदवले.

सर्जन: मला यात चित्रापेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. गोळ्यात कोंडलेली पेशी बाहेर पडून रक्तवाहिनीचं अस्तर बनू शकत नाही. तरीही सशाचा पाय सुधारला. म्हणजे पेशी स्वतः वाहिनी बनत नाही. ती काहीतरी स्रवते आणि स्नायू आपल्या वाहिन्या आपण वाढवतो. असं असेल तर ती कुठे रुजली याचा माग घेत बसण्याचं कारण काय? चार दिवस स्रवली आणि मेली तरी चालेल.

रेडिऑलॉजिस्ट: चार दिवस की चाळीस, यावरच तर एकदा टोचायचं की दर महिन्याला, हे ठरतं. आणि हेही सांगतो, गोळा दिसला म्हणजे आतली पेशी जिवंत आहे असं नाही. रिकामं घरही एक्स-रेवर तसंच दिसतं.

या उणिवेवर त्याच विद्यापीठातून २०१३ मध्ये एक उत्तर आले. गोळ्यात आर्जिनिन भरलेले सूक्ष्म मेदफुगे मिसळले. पेशी मरू लागल्या की गोळ्यातली आम्लता वाढते आणि एमआरआयच्या विशिष्ट पद्धतीने पाहिल्यास त्या फुग्यांचा सिग्नल उतरतो. पेशीला हात न लावता तिच्या घरातली हवा तपासण्याचा हा प्रकार. तो उंदरांत जमला आहे. गोळ्यांची मर्यादाही सांगायला हवी: ते केशवाहिन्यांच्या मानाने फार मोठे, म्हणून धमनीतून सोडता येत नाहीत, फक्त स्नायूत टोचायचे.

सर्जनचा स्रावाचा मुद्दा २०२० मध्ये आणखी पुढे गेला. सिनसिनाटीतील जेफ्री मोल्केंटिन यांच्या गटाने दुखावलेल्या हृदयाच्या उंदरांना जिवंत मूलपेशी दिल्या, गोठवून-वितळवून मारलेल्या पेशी दिल्या, आणि काहींना तर यीस्टच्या कवचापासून काढलेला, संरक्षक पेशींना चेतवणारा झायमोसान हा पदार्थ दिला. तिन्हींनी हृदयाचे काम सुधारले. लाभ पेशींचा नव्हता. टोचल्यावर तिथे धावून आलेल्या भक्षक पेशींनी जखमेची डागडुजी बदलली होती.

सर्जन: मग पेशींचं जगणं मोजायचं कशाला?

रेडिऑलॉजिस्ट: हाच प्रयोग माझ्या बाजूचा पुरावा आहे, डॉक्टर. तिथे संशोधकांनी पेशी कुठे आहेत आणि जिवंत आहेत का हे बघितलं म्हणूनच त्या नसतानाही गुण येतो हे लक्षात आलं. फक्त हृदयाचं काम मोजलं असतं तर आणखी दहा वर्षं सगळे मूलपेशींचे गुण गात राहिले असते. पोटरीतही असंच असेल तर रुग्णाला महागडी जिवंत पेशी देण्याऐवजी स्वस्त, साठवता येणारं काहीतरी देता येईल. आणि तसं नसेल, पेशी जगल्या तरच पाय वाचत असेल, तर त्या जगवायला गोळे, आवरणं, पुन्हा पुन्हा टोचणं हा खर्च करणं योग्य ठरेल. यातलं काय खरं हे पाऊल मोजून कळणार नाही.

इथे सर्जनच्या पहिल्या म्हणण्याची मर्यादा उघडी पडते. ॲस्पिरिनची गोळी प्रत्येक वेळी तीच असते. पेशींचे औषध दात्यागणिक, प्रयोगशाळेगणिक, सुईगणिक बदलते. आत काय गेले आणि किती टिकले हे माहीत नसताना त्याचा गुण मोजणे म्हणजे मात्रा न लिहिता औषध तपासणे.

भारतात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीने अनेक दात्यांच्या अस्थिमज्जेतून वाढवून एकत्र केलेल्या पेशींचे ‘स्टेमप्युसेल’ हे औषध तयार केले. बर्जरच्या आजाराने पाय धोक्यात आलेल्या ९० रुग्णांच्या चाचणीत नियमित उपचारांशी त्याची तुलना झाली. वेदना कमी झाल्याचे आणि जखमा अधिक भरल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या चाचणीत कोणाला काय मिळते हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०१६ मध्ये बर्जरच्या आजारासाठी मर्यादित परवानगी दिली आणि २०२० मध्ये मेदाने बंद झालेल्या धमन्यांच्या रुग्णांपर्यंत तिची व्याप्ती वाढली. हे औषध पोटरीच्या स्नायूत, किलोमागे २० लाख पेशी या मात्रेने टोचतात.

रेडिऑलॉजिस्ट: अशा औषधाची पुढची चाचणी होईल तेव्हा सगळ्यांना खूण लावा असं मी म्हणत नाही. पहिल्या आठ-दहा रुग्णांत, काही टक्के पेशींना इंडियम लावा. टोचल्यावर लगेच एक स्कॅन, तिसऱ्या दिवशी दुसरा. इंडियमने पांढऱ्या पेशी तपासणारी मोठी रुग्णालयं आहेत, नवं यंत्र लागत नाही. पेशी पोटरीत आहेत की फुप्फुसात आणि यकृतात, एवढं कळेल. त्याच रुग्णांच्या पोटरीचा रक्तपुरवठा एमआरआयवर महिन्यागणिक बघा, म्हणजे जिथे पेशी पडल्या तिथेच रक्त वाढलं का हे ताडता येईल.

सर्जन: इथे माझी अडचण ऐका. खूण लावलेली पेशी नियामकाच्या लेखी नवीन औषध होते. तिची सुरक्षितता वेगळी सिद्ध करा, तिची वाढ, तिचा स्राव, सगळं पुन्हा मोजा. लोह घेतलेल्या मूलपेशींना कूर्चा बनवणं जड जातं हे २००४ मध्येच दिसलं आहे. इंडियमने पेशीचा स्राव बदलला, तर तुमच्या स्कॅनमधली पेशी आणि माझ्या रुग्णाला मिळणारी पेशी एकच राहत नाही. त्या दहा रुग्णांचा गुण मी कोणत्या गटात मोजू?

रेडिऑलॉजिस्ट: कुठल्याच नाही. त्यांचा गुण मोजायचाच नाही. त्यांनी फक्त वाट दाखवायची.

सर्जन: आणि त्या दहा जणांना आपण काय सांगून सही घ्यायची?

रेडिऑलॉजिस्ट: हेच. की या स्कॅनचा तुमच्या पायाला फायदा होणार नाही. थोडी किरणं जास्त लागतील. पण तुमच्यानंतर येणाऱ्याला टोचायचं कुठे आणि किती वेळा, हे तुमच्यामुळे ठरेल.

सर्जन: मजकूर असा उघड लिहिणार असाल, तर दहापैकी पहिला रुग्ण मी पाठवीन. सातव्या दिवशी मात्र मला तिसरा स्कॅन नको. तोवर तुमच्या खुणेला पेशी कुठली आणि भक्षक कुठला, हे कळेनासं झालेलं असेल.

रेडिऑलॉजिस्ट: दोनच स्कॅन. तिसऱ्या दिवशी थांबू.